वाकडा दिसणारा तीन मजली वेडिंग केक कसा उभा करायचा (आणि उभा ठेवायचा)

तीन मजले, प्रत्येक मजला वेगळ्या दिशेला कललेला, वर रुंद आणि खाली निमुळता, बघणाऱ्याला वाटावं की कोणी जोरात शिंकलं तरी कोसळेल. याला टॉप्सी-टर्व्ही केक म्हणतात, काहीजण मॅड हॅटर केक म्हणतात, मी आपला वाकडा केक म्हणते.

माझा पहिला वाकडा केक एका मैत्रिणीच्या लग्नासाठी होता आणि मी तो खरंच वाकडा बनवला. खालच्या टियरचा, म्हणजे मजल्याचा, माथा तिरका कापला आणि त्या उतारावरच वरचा टियर ठेवून दिला. डॉवेल (वजन पेलायला केकमध्ये उभ्या घालतात त्या काड्या किंवा नळ्या) घातले होते, गनाशने (चॉकलेट आणि क्रीमच्या घट्ट मिश्रणाने) चिकटवलं होतं, रात्री झकास दिसत होता. सकाळी बघते तर वरचा टियर बोटभर खाली सरकलेला, घसरगुंडीवर बसून अर्ध्यात अडकलेल्या पोरासारखा, आणि डॉवेलांनी आतून केक फाडत नेलेला. लग्नात तो केक मागच्या बाजूने फुलं खोचून खोचून कसाबसा निभावला, फोटो एकाच बाजूने काढले.

तेव्हा कळलं ते हे, की या केकमध्ये वाकडं काहीच नसतं. वाकडी दिसते ती फक्त वरची साल. प्रत्येक टियरच्या तिरक्या माथ्यात एक गोल खड्डा कापायचा, त्याचा तळ अगदी सपाट, स्पिरिट लेव्हल (सपाटी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी) लावून बघावा इतका सपाट, आणि वरचा टियर त्या खड्ड्यात सरळ उभा राहतो. बाहेरून दिसतो फक्त उतार, म्हणून डोळा फसतो. आणि वजन केकवर कधीच जाऊ द्यायचं नाही, ते डॉवेलवरून खालच्या बोर्डावर उतरलं पाहिजे. पुढचं सगळं या दोन गोष्टींसाठीच आहे.

आधी कागद, मग पीठ

मोठा कागद घ्या, जुना वॉल कॅलेंडरचा चालेल, दोन चिकटवा, आणि केक समोरून जसा दिसेल तसा खऱ्या मापात काढा. लहान स्केच नको, खऱ्या मापातच, कारण खड्डा किती खोल जाईल, काठाला किती केक उरेल, डॉवेल किती लांब लागतील हे सगळं या कागदावर पट्टी लावून मोजता येतं, आणि कागदावर चूक झाली तर खोडरबर आहे.

मी वापरते ती मापं देते. खालचा टियर वर १२ इंच, तळाला १० इंच. मधला वर ९, तळाला ७. वरचा वर ६, तळाला ४. उंची: खालच्याची उंच बाजू साडेसहा इंच आणि बुटकी बाजू साडेचार. मधल्याची ६ आणि ४. वरच्याची ५ आणि साडेतीन. खड्ड्याचा तळ बुटक्या बाजूच्या उंचीवर, म्हणजे खालच्या टियरमध्ये बोर्डापासून साडेचार इंचावर आणि मधल्यात ४ इंचावर. खड्ड्याची रुंदी वरच्या टियरच्या तळापेक्षा अर्धा इंच जास्त, म्हणजे साडेसात आणि साडेचार. यात दोन्ही टियरला खड्ड्याभोवती सव्वादोन इंचाची भिंत उरते, त्याहून कमी ठेवली की उंच बाजूची भिंत हमखास तडकते.

या मापात उतार केवढा दिसतो? १२ इंचात २ इंच म्हणजे साधारण साडेनऊ अंश. पिसाचा तो प्रसिद्ध मनोरा जेमतेम ४ अंश कललेला आहे, त्यामुळे उतार अजून वाढवायचा मोह झाला तर आवरा, इतका पुरेसा नाट्यमय दिसतो. उतारांची दिशा मात्र आलटून पालटून ठेवायची, खालचा उजवीकडे उतरत असेल तर मधला डावीकडे, वरचा पुन्हा उजवीकडे. एक म्हणजे दिसायला मजा येते आणि दुसरं म्हणजे उंच बाजूंचं जास्तीचं वजन एकाच अंगाला जात नाही.

किती लोकांना पुरेल हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. लग्नाच्या केकचा तुकडा साधारण १ इंच बाय २ इंच आणि ४ इंच उंच धरतात. या हिशोबाने १० इंची गोल टियरमधून ३८च्या आसपास तुकडे निघतात. निमुळत्या केकमध्ये मी नेहमी तळाचं माप धरून मोजते आणि वरचा रुंद भाग बोनस समजते, तर या तीन टियरमध्ये ६० माणसं आरामात होतात. पाहुणे जास्त असतील तर चौथा मजला चढवू नका, त्याच चवीचा साधा चौकोनी केक आत तयार ठेवा, कापून प्लेटमध्ये आल्यावर कोणाला काय कळतंय. आणि पाहुणे कमी असतील तर सगळ्यात वरचा टियर थर्माकोलचा केलात तरी चालतं, फक्त ज्यांचा केक आहे त्यांना आधी सांगा, नाहीतर सुरी थर्माकोलमध्ये घुसल्यावर जो आवाज येतो तो सगळ्या हॉलला ऐकू जातो.

कुठला केक चालेल

तासता येईल असा. मऊ लुसलुशीत स्पंज, शिफॉन वगैरे इथे नको, चाकू लावला की भुगा होतो. चॉकलेट मड केक, मदेरा, पाउंड केक, घट्ट बांधणीचे सगळे चालतात. भरायला गनाश किंवा घट्ट बटरक्रीम. व्हिप्ड क्रीम, कस्टर्ड, ताजी कापलेली फळं या तिन्हींना माझ्याकडून स्पष्ट नाही, एकतर ती फ्रिजबाहेर टिकत नाहीत आणि दुसरं म्हणजे थर घसरतात. जॅम हवाच असेल तर पातळ थर, आणि कडेने घट्ट बटरक्रीमचं कडं घालून त्याच्या आत.

बाहेरच्या कोटासाठी मी गनाशच वापरते कारण ते थंड झालं की कवच होतं आणि फॉन्डंटखाली (फॉन्डंट म्हणजे केकवर चढवायची साखरेची लवचीक पोळी) कडा धारदार राहतात. डार्क चॉकलेट असेल तर २ भाग चॉकलेट १ भाग क्रीम, व्हाइट असेल तर ३ला १. कडक उन्हाळ्यात डार्कलाही ३ला १ करा. हे वजनाने मोजायचं, कपाने नाही.

पिठाचा हिशोब करताना लोक फसतात. १२ इंच म्हणजे ८ इंचाच्या दीडपट, मग रेसिपी दीडपट करू, असं वाटतं, पण गोलाचं क्षेत्रफळ वाढतं वर्गाने. १२ भागिले ८ म्हणजे दीड, त्याचा वर्ग सव्वादोन. म्हणजे तेवढ्याच उंचीसाठी १२ इंची टिनला ८ इंची रेसिपीच्या सव्वादोन पट पीठ लागतं, ९ इंचीला साधारण सव्वापट आणि ६ इंचीला अर्ध्याहून थोडं जास्त. तुमच्या ८ इंची रेसिपीतून किती उंचीचा केक निघतो तो आधी एकदा मोजून ठेवा, बाकी गुणाकार आहे.

प्रत्येक टियरला तीन थर. खालच्यासाठी साधारण दीड ते पावणेदोन इंचाचे, भरण्यासकट एकूण साडेपाच इंच उंची यायला हवी. मधल्याला ५ आणि वरच्याला सव्वाचार. हे आकडे विचित्र वाटतील पण पुढे कापताना त्यांचा उपयोग आहे. १२ इंचाचा थर भाजताना ओव्हन नेहमीपेक्षा कमी ठेवा, मी १६० अंशांवर भाजते, टिनभोवती ओल्या फडक्याची पट्टी गुंडाळते, नाहीतर कडा कोरड्या पडतात आणि मध्यभाग कच्चाच राहतो. भाजून झालेले थर गार करून क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून रात्रभर ठेवा, ताजा केक तासायला घेऊच नका.

बोर्ड आणि मधला दांडा

हे केकच्या आधी तयार झालेलं असू दे. तिन्ही टियर मिळून ११-१२ किलोच्या घरात जातात, त्यामुळे बाजारात मिळणारा एकच पातळ केक बोर्ड उचलताना मध्ये वाकतो आणि फॉन्डंटला तडा जातो. मी १२ मिलिमीटरचं प्लायवूड १६ इंच गोल कापून घेते, खाली चार रबरी बूच लावते म्हणजे बोटं घालायला जागा राहते. मध्यभागी १२ मिलिमीटर जाडीचा लाकडी दांडा, खालून स्क्रू आणि शिवाय लाकडाचा गोंद. दांड्याची उंची साडेअकरा इंच: खालच्या टियरचे साडेचार, मधल्याचे चार, आणि वरच्या टियरच्या पोटात तीन. दांडा वरच्या टियरच्या डोक्यातून बाहेर काढायची गरज नाही. उघडं लाकूड केकला लागू द्यायचं नाही, बोर्डावर फॉइल किंवा फॉन्डंट, आणि दांड्यावर फूड-ग्रेड प्लास्टिकची नळी चढवा.

प्रत्येक टियरखाली त्याच्या तळाच्या मापाचं कार्ड (पुठ्ठ्याची गोल चकती), म्हणजे १०, ७ आणि ४ इंच, आणि तिन्हींच्या बरोब्बर मध्यावर दीड सेंटिमीटरचं भोक. हे भोक आत्ताच पाडा. मी एकदा केक चढवल्यावर पाडायला गेले होते, त्याबद्दल न बोललेलं बरं.

तासायचं काम

थर लावून, भरून, टियर फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा, आणि तासायच्या आधी अर्धापाऊण तास फ्रीझरमध्ये. गोठवायचा नाहीये, चाकूखाली घट्ट लागला पाहिजे इतकंच. लांब दातेरी सुरी हवी, टियरच्या रुंदीपेक्षा लांब असेल तर उत्तम.

आधी निमुळता करायचा, मग तिरका, मग खड्डा. क्रम उलटा केलात तर अडकाल, कारण निमुळतं करताना केक पालथा घालावा लागतो आणि तिरका माथा पालथा उभा राहत नाही. माथा सपाट असतानाच बटर पेपर घातलेल्या बोर्डावर टियर पालथा करा, १२ इंचीसाठी दोन माणसं लागतात, लाजू नका, हाक मारा. आता वर आलेल्या तळावर गनाशचं बोट फिरवून १० इंची कार्ड मध्यभागी चिकटवा, चारी बाजूंनी १ इंच केक बाहेर दिसेल. कार्डाच्या कडेपासून खालच्या बाहेरच्या कडेपर्यंत तिरकी सुरी चालवत पातळ पातळ सोलत जायचं. एकदम मोठा काप नको, काकडी सोलल्यासारखं, टर्नटेबल फिरवत. टियर पालथा आहे तोवरच कार्डाच्या भोकातून ॲपल कोररने (सफरचंदाचा गाभा काढायची नळी) मधला बोगदा काढून घ्या, खालच्या दोन टियरमध्ये आरपार, सगळ्यात वरच्यामध्ये फक्त ३ इंच.

आता सुलटा करा. उतार काढायची माझी आवडती युक्ती, हिच्यात काहीच वाया जात नाही. साडेपाच इंच उंच टियरच्या एका कडेला माथ्यावरच टूथपिकची खूण करा, आणि बरोब्बर समोरच्या कडेला माथ्यापासून १ इंच खाली. बाजूंनाही मधल्या उंचीवर टूथपिक लावत जा, आणि त्यांच्या आधाराने सुरी आडवी तिरकी फिरवा. वरून एक पाचर निघेल, एका टोकाला जाडी शून्य, दुसऱ्या टोकाला १ इंच. ती पाचर उचलून अर्धा वळसा फिरवा, म्हणजे जाड टोक उंच बाजूवर येईल, आणि गनाश लावून परत चिकटवा. झालं, एका बाजूला साडेसहा, दुसऱ्या बाजूला साडेचार. मघाचे विचित्र आकडे यासाठी होते. मधल्या टियरला पण पाचर १ इंचाची, सगळ्यात वरच्याला पाऊण इंचाची. पाचर फिरवल्यावर कडा थोड्या पुढेमागे होतात, त्या तासून सारख्या करा आणि फटीत गनाश भरा.

कार्डाच्या खालच्या बाजूला पेनाने बुटकी बाजू कुठे आहे त्या दिशेला बाण काढून ठेवा. फॉन्डंट चढल्यावर आणि घाईत असताना हा बाण खूप कामाला येतो.

मग खड्डा, आणि इथे घाई केलीत तर सगळं मुसळ केरात. साडेसात इंची गोल कागद कापून उतारावर मध्यभागी ठेवा. मध्य कुठला? बोगद्याचं तोंड. कागद उतारावर पडला की वरून थोडा लांबट दिसतो, म्हणून डोळ्याने वरून सरळ खाली बघत खूण करा, किंवा सरळ ७ इंची रिकामा टिन उभा धरून त्याच्या बाहेरून पाव इंच सोडून सुरीच्या टोकाने गोल काढा, मला हे जास्त जमतं. छोटी सुरी सरळ उभी धरून गोलावर आत घाला, उंच बाजूला दीड इंचाहून थोडी जास्त जाईल, बुटक्या बाजूला अर्ध्या इंचाहूनही कमी. मग चमच्याने कोरत जायचं. टरबुजाचा गर काढतो तसं, पण तळाला आल्यावर चमचा सोडा आणि पॅलेट नाइफ आडवी धरून खरवडा.

तळाची उंची तपासायला एक कोरा डॉवेल घ्या, साडेचार इंचावर खूण करा, खड्ड्यात पाचसहा ठिकाणी बोर्डापर्यंत घालून बघा, खूण सगळीकडे तळाशी जुळली पाहिजे. शेवटी छोटी स्पिरिट लेव्हल बटर पेपरवर ठेवून दोन दिशांना बघा, एकदा उताराच्या दिशेत आणि एकदा आडवी. आणि हो, हे बघताना टर्नटेबल स्वतः सपाट आहे ना ते आधी बघा. बुडबुडा मध्ये आला नाही तर उंच वाटतंय तिथलं खरवडा, खोलगट असेल तिथे गनाश भरून सारखं करा. कोरलेला केक टाकू नका, घरचे सगळे तेवढ्याचसाठी स्वयंपाकघरात घुटमळत असतात.

गनाश आणि फॉन्डंट

बाजूंना गनाशचा एक पातळ थर, भुगा बसवायला, मग फ्रिज, मग जाड थर. स्क्रेपर सरळ उभा धरायचा नाही, बाजूच्या तिरकसपणाला समांतर धरायचा. खड्ड्याच्या भिंतींना आणि तळालाही पातळ गनाश फिरवा, उघडा केक ठेवलात तर तो कोरडा पडतो आणि भुगा सुटतो.

सरळ केकवर आपण फॉन्डंटची मोठी पोळी वरून टाकतो आणि हाताने खाली बसवतो. निमुळत्या केकवर ती खाली आतल्या बाजूला जात नाही, झालर होऊन लोंबते आणि वरच्या कडेला स्वतःच्या वजनाने फाटते. म्हणून बाजू वेगळी आणि माथा वेगळा. बाजूभोवती बटर पेपर घट्ट गुंडाळा, वरची तिरकी कड आणि खालची कड पेन्सिलने उमटवा, कापून सपाट पसरा. कमानीसारखा आकार येईल, घेरदार झग्याचा कापडी तुकडा असतो तसा. सरळ पट्टी कापून लावायचा प्रयत्न करू नका, बसणारच नाही. हा कागद फॉन्डंटवर ठेवून कापा, ३ ते ४ मिलिमीटर जाडी. १२ इंचाचा घेर जवळजवळ ३८ इंच होतो, एवढा तुकडा एकटीने उचलणं कठीण, म्हणून मी तीन भाग करते आणि सांधे लपतील असंच डिझाइन निवडते, उभे पट्टे किंवा चौकटी, वाकड्या केकवर त्या तशाही छान दिसतात. फॉन्डंटमध्ये अर्धा किलोला अर्धा चमचा टायलोज (फॉन्डंट घट्ट करणारी पावडर) मळलंत तर तुकडा ताणला जात नाही. माथ्यासाठी मध्ये भोक असलेली चकती, वरच्या टियरचा तळ भोकात बसणार असल्यामुळे आतली कड ओबडधोबड असली तरी चालते. तिन्ही टियर मिळून ३ किलो फॉन्डंट हाताशी असू दे, थोडा उरेल, उरू दे.

फ्रिजमधून काढलेल्या फॉन्डंटवर दमट हवेत घाम येतो. पुसू नका, बोट लावू नका, डाग पडतात. टियर पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर खोकं बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, बराचसा घाम खोक्यावर जातो. आणि १२ इंची टियर तुमच्या फ्रिजमध्ये मावतो का हे आधीच, केक भाजायच्याही आधी, पट्टीने मोजा.

डॉवेल

खालच्या टियरमध्ये ६, मधल्यात ४, जाड प्लास्टिकच्या नळ्यांचे. पातळ लाकडी काड्या वापरणार असाल तर दोन-दोन वाढवा. जागा: वरच्या कार्डाच्या कडेपासून इंचभर आत, गोलात सारख्या अंतरावर. खड्ड्याचा तळ सपाट केलाय त्यामुळे एका टियरचे सगळे डॉवेल एकाच लांबीचे, हा या पद्धतीचा मोठा फायदा. तळ कुठे केसभर वरखाली असेल तर सगळ्यात उंच जागेच्या मापाने सगळे कापा, म्हणजे कार्ड डॉवेलवर टेकेल, केकवर नाही. प्रत्येकाचं टोक काटकोनात कापलेलं हवं, तिरकं कापलेलं टोक कार्डात घुसतं.

आठवड्याचं वेळापत्रक

साखरेची फुलं वगैरे असतील तर ती महिनाभर आधी. बोर्ड आणि दांडा आठवडाभर आधी. लग्नाच्या चार दिवस आधी भाजणं, तीन दिवस आधी थर लावणं, दोन दिवस आधी तासणं आणि गनाश, त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी फॉन्डंट. आदल्या दिवशी दुपारी सजावट आणि खालचे दोन टियर एकमेकांवर. पहिल्यांदाच करत असाल तर महिनाभर आधी फक्त दोन छोट्या टियरचा सराव करा, ८ आणि ५ इंचाचा. मी तो पहिल्या वेळी केला नव्हता, परिणाम वर वाचलातच.

ताजी फुलं लावायची असतील तर कुठली, हे विचारून घ्या. कण्हेर विषारी आहे, हायड्रेंजिया आणि लिली ऑफ द व्हॅलीही केकवर नकोत. चालणाऱ्या फुलांचेही देठ थेट केकमध्ये खुपसू नका, स्ट्रॉमध्ये घालून मग खोचा.

चढवताना

खालचा टियर बोर्डावर दांड्यातून उतरवताना शेवटी बोटं अडकतात, त्यासाठी कार्डाच्या दोन बाजूंना रुंद पॅलेट नाइफ धरा, टियर त्यांच्यावर टेकवा, बोटं काढा, मग नाइफ आडव्या ओढून घ्या. बोर्डावर आधी गनाशचा गोळा फासलेला असू द्या.

मधल्याला ही युक्ती चालत नाही कारण तो खड्ड्यात जातो, आडवं ओढायला जागाच नाही. तिथे डॉवेलच कामाला लावायचे. सगळे सहा डॉवेल पूर्ण खाली घालून लांबी बरोबर आहे ना बघा, मग प्रत्येक इंचभर वर ओढून ठेवा. बाण बघून दिशा ठरवा, टियर दांड्यातून खाली आणा आणि वर आलेल्या डॉवेलांवर टेकवून हात काढा. टियर स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली बसतो, नाहीच बसला तर त्याच्या खड्ड्याच्या तळावर, बरोब्बर मध्ये, तळव्याने हलकं दाबा. बाजूला किंवा माथ्याच्या कडेला हात लावायचा नाही. फट दिसेल ती गनाशने भरून वर मण्यांची किंवा फॉन्डंटच्या दोरीची कड फिरवा.

सगळ्यात वरचा टियर मी हॉलवर गेल्यावरच चढवते. तिन्ही चढवून नेणारे लोक आहेत, दांडा असल्यामुळे जमतंही, पण गाडीत मागे बघत बघत जाणं माझ्या काळजाला झेपत नाही. केक गाडीच्या सीटवर ठेवू नका, सीट मागे कललेली असते. डिकीत किंवा पुढच्या सीटच्या पायाशी, खाली न घसरणारी रबरी मॅट, आणि एसी केक ठेवायच्या आधी दहा मिनिटं सुरू. सोबत एक पिशवी: जास्तीचं गनाश पाइपिंग बॅगमध्ये, फॉन्डंटचे तुकडे, दोन पॅलेट नाइफ, कात्री, दोनतीन जास्तीचे डॉवेल, टिश्यू आणि स्पिरिट लेव्हल.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण लग्नाच्या हॉलमध्ये टेबल खरोखरच वाकडं असतं. केक ठेवायच्या आधी लेव्हल लावा, नसेल तर मोबाईलमधली लावा, आणि टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या घाला. घडीचं हलकं टेबल असेल तर बदलून मागा, १२ किलोचा केक आणि वर टेबलक्लॉथ ओढणारी लहान मुलं असं ते गणित आहे. स्पॉटलाइट किंवा खिडकीचं ऊन थेट पडत नाही ना तेही बघा.

कापताना

नवरा-नवरीला सुरी कुठे घालायची हे आधी दाखवून ठेवा: खालचा टियर, उंच बाजू, बाहेरची सव्वादोन इंचाची भिंत. तिथे डॉवेल नसतात, सुरी अडत नाही आणि फोटोत तुकडा छान उंच येतो. आतमध्ये कापणाऱ्याला एका कागदावर डॉवेलचा नकाशा काढून द्या आणि सांगा, वरचा टियर आधी दांड्यावरून सरळ वर उचलायचा, मग मधला, मग खालचा कापायचा, उभ्या केकमध्ये सुरी घालत बसायचं नाही. कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: डॉवेल १०. प्लेटमध्ये केक जाण्याआधी दहाच्या दहा बाहेर मोजून ठेवले पाहिजेत. आणि प्लायवूडचा बोर्ड परत द्या असंही त्याच कागदावर लिहा, माझे दोन गेलेत.